कोटातली पंगत

बैलांची दमणी इंझोरीच्या शिवाराबाहेर पडली न पडली तोच इंद्रभानजींनी कोटाचं वरचं बटण काढलं. तुळसाबाईंनी पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं. नाल्याच्या उतारावर दुसरं गेलं, चढावर तिसरं गेलं, आणि मग खांद्याला एक झटका बसून अख्खा कोट मागच्या गादीवर जाऊन पडला. आत पांढरी बंडी होती. बंडीतले इंद्रभानजी म्हणजे जगातला सगळ्यांत सुखी माणूस.

"घाला थो," तुळसाबाई म्हणाल्या.

"इथी कोन पाहून राह्यलं? बैल?"

"मी पाहून राह्यली."

"तू तं मले लगन झाल्यापासून बंडीतच पाह्यते. आता कायले नवं सोंग?"

हाकायला बसलेला लखमा, त्यांचा जुना गडी, बैलांच्या शेपट्यांकडे पाहत हसला. तुळसाबाईंनी कोट उचलून, धूळ झटकून पुन्हा नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. आज त्यांचं मन काही थाऱ्यावर नव्हतं. पहाटेपासून त्या एक तर कोटाकडे पाहत होत्या, नाही तर रस्त्याकडे.

त्याला कारणही तसंच होतं. मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. पंचफुलाला मानोऱ्याला देऊन झाली होती बरीच वर्षं, आणि ही दोघं आजवर तिच्या अंगणातूनच तोंड कोरडं घेऊन परतली होती. आता नातू झाला होता, चांगला मान धरायला लागला होता. व्याही भगवंतरावांनी खास सांगावा धाडून दोघांना जेवायला बोलावलं होतं. लेकीच्या घरचा पहिला घास. तुळसाबाईंनी या घासाची वाट सणासुदीची पाहावी तशी पाहिली होती.

पण माहेरहून बाळाला घेऊन निघताना पंचफुला गाडीला धरून हळूच म्हणाली होती, "माय, बाबाले कोट घालून आनजो. अन् काढू नोको देजो." आणि तिचे डोळे भरले होते.

हा काळ्या अल्पाका कापडाचा कोट पंचफुलाच्याच लग्नासाठी कारंज्याच्या शिंप्याकडून शिवून आणलेला. लग्नात इंद्रभानजींनी तो अक्षता पडेपर्यंत कसाबसा सोसला, मग मांडवाच्या खांबाला टांगला आणि बंडीवरच पंगतीत पाणी वाढायला लागले. जावयाचे मामा, जगदेवराव, हात धुवायला उठले. त्यांनी समोरच्या बंडीवाल्याच्या हातात आपला लोटा दिला आणि म्हणाले, "चांगला घासून आन रे." इंद्रभानजींनी लोटा राखेनं लख्ख घासून आणून दिला. नवरीचा बाप तो हाच, हे मामांना कळलं तेव्हा वऱ्हाड परत निघालं होतं. पंचफुलाची जाऊ तेव्हापासून तिला सणावाराला ऐकवायची, "तुह्या बाबानं घासलेला लोटा अजून चमकते वो."

इंद्रभानजींना यात वाईट वाटण्यासारखं काहीच दिसत नव्हतं. लोटा मळका होता, तो त्यांनी घासला. पण लेक सासरी रोज खाली मान घालते, हे तुळसाबाईंच्या काळजाला लागून राहिलं होतं. इंद्रभानजी आज सगळ्यांसमोर पाटावर बसतील तर कोटातच, एवढं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

रस्त्यावर पोहरादेवीच्या यात्रेला निघालेल्या बैलगाड्यांची रीघ लागली होती. तुळसाबाईंच्या डोळ्यांचा धाक म्हणून इंद्रभानजींनी पुन्हा कोट चढवला. तेवढ्यात शेजारच्या गाडीतून ओळखीचा भाऊसिंग ओरडला, "काय पाटील, आज कोर्टात तारीख हाय का?"

"नाई रे बाप्पा, पोरीकडे चाललो."

पुढच्या गाडीतल्या माणसानं विचारलं, "पाटील, खटला कोनावर टाकला?" त्याच्या पुढच्यानं नुसतंच विचारलं, "वकील कोन देला?" त्या भागात कोट चढवून गाडीत बसलेला शेतकरी म्हणजे एक तर फिर्यादी, नाही तर आरोपी. इंद्रभानजींनी कोट काढून उशाला घेतला आणि डोळे मिटले.

"पाह्य, माह्यावर तिसरा खटला चालू झाला," ते मिटल्या डोळ्यांनीच पुटपुटले.

तुळसाबाईंनी मनात हिशेब केला. आत्ता दटावून घालायला लावला तरी जेवताना हा माणूस सवयीनं कोट काढणार. हात धुवायला उठले की काढणार, पाटावर बसले की काढणार. आत बंडी आहे तोवर कोट टिकायचा नाही. म्हणजे खोट कोटात नव्हतीच, बंडीत होती. हे सुचल्यावर त्यांना सकाळपासून पहिल्यांदा जरा हुशारी आली.

मानोऱ्याच्या अलीकडे नदीच्या रेतीत चाक रुतलं. लखमानं खांदा लावून ते वर काढलं, पण त्या जोरात त्याची जुनी बंडी पाठीवर टर्रकन फाटली. बैलांना विसावा म्हणून दमणी झाडाखाली सोडली. इंद्रभानजी धोतर खोचून, बंडी काठावर ठेवून पाण्यात उतरले आणि खुशाल डुंबायला लागले. तुळसाबाईंनी बंडी उचलली.

"लखमा, ही घे तुले. अशा फाटक्यानं सोयऱ्याच्या दारात येतं का?"

"मालकाची बंडी, बाई?"

"घे म्हनलं ना. देली तुले."

लखमा खूश झाला. त्यानं नवी बंडी अंगात घातली आणि जुनीच्या चिंध्या करून चाकाच्या आसाला वंगण लावायला घेतल्या. इंद्रभानजी निथळत वर आले, तर बंडीच्या जागी फक्त कोट.

"माही बंडी कुठी गेली वो?"

"लखमाच्या आंगावर."

इंद्रभानजींनी लखमाकडे पाहिलं. लखमानं हात जोडले, "लय उपकार झाले मालक." दिलेली वस्तू गड्याकडून परत मागायची, हे इंद्रभानजींना जन्मात जमलं नसतं. त्यांनी बायकोकडे एकदा पाहिलं, ओल्या अंगावर कोट चढवला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. तुळसाबाई पदराआड हसल्या. आता कोट पक्का झाला होता.

दमणी भगवंतरावांच्या दारात थांबली आणि तुळसाबाईंचं हसू तिथंच विरलं. ओसरीवर व्याही उभे होते, जावई उभा होता, जगदेवमामा उभे होते, भाऊबंद उभे होते, आणि सगळेच्या सगळे बंडीत होते. एकाच्याही अंगावर कोट नव्हता.

"या व्याही," भगवंतराव पुढे होऊन म्हणाले. "लग्नात पाह्यलं होतं मी, तुमाले कोट सोसत नाई. म्हनून आज साऱ्याइले सांगून ठेवलं, कोनी नटायचं नाई. व्याह्याले आपलं घर वाटलं पाह्यजे. काढा कोट."

"असू द्या," इंद्रभानजी म्हणाले.

पाट मांडले होते, रांगोळी घातली होती, ताटात पुरणपोळी होती, वडे होते, कढी होती, वाटीत तूप होतं. तुळसाबाई स्वयंपाकघराच्या दारात विहिणीशेजारी उभ्या राहिल्या. मानाच्या पाहुण्यानं घास घेतल्याशिवाय पंगत जेवत नाही. आणि इकडे भगवंतरावांनी हट्टच धरला.

"तुमी कोट काढून आरामात बसल्याबिगर आमी ताटाले हात लावनार नाई."

इंद्रभानजींच्या कपाळावरून घामाची धार निघाली होती. चैत्राचं ऊन कौलांतून खाली उतरत होतं. त्यांनी सगळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मले जराशी थंडी वाजून राह्यली."

झालं. "व्याह्याले हिवताप भरला," अशी हाक आत गेली. कोणी घोंगडी आणली, ती कोटावरून लपेटली. विहिणीनं चुलीवर काढा ठेवला आणि पुरणपोळीचं ताट बाजूला सरकवायला सांगितलं. तापात पुरण चालत नाही. तुळसाबाई काढ्याच्या भांड्याकडे पाहत राहिल्या. लेकीच्या घरचा पहिला घास, आणि तो कडू काढ्याचा.

पलीकडे पडवीत लखमा पांढऱ्या स्वच्छ बंडीत पानावर बसला होता. त्याला राहवेना. "मालक कोट कसा काढतीन बाप्पा? त्यायची बंडी तं..."

"लखमा, आधी बैलाले पानी दाव," तुळसाबाईंनी दारातूनच त्याला तोडलं. लखमा वड्याकडे एकदा पाहून उठला.

जगदेवमामांनी पुढे होऊन इंद्रभानजींच्या कपाळाला हात लावला. हात ओलाचिंब झाला. मामा एकदम गंभीर झाले. त्यांनी भगवंतरावांना बाजूला घेतलं, पण बोलले ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"ताप नाई, काई नाई. व्याही रुसले हायेत."

"कायले?"

"मी त्यायच्याकडून लोटा घासून घेतला होता ना बंडीत पाहून. अन् आज आपन त्यायच्यापुढे बंडीत बसलो. म्हंजे आपन त्यायले टोमना मारला ना भाऊ."

इंद्रभानजी "नाई हो, तसं काई नाई" म्हणत होते, पण रुसलेला माणूस दुसरं काय म्हणतो? घोंगडीतून त्यांची नजर एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली, तुळसाबाईंवर थांबली आणि परत ताटाकडे वळली. त्यांनी घोंगडी आणखी घट्ट ओढून घेतली.

मग पुढचं सगळं भराभर झालं. भगवंतराव आत गेले आणि लोखंडी पेटीतला लग्नातला कोट चढवून आले. तो आता पोटावर तटतटत होता. जावयानं नवा कोट घातला. भाऊबंद आपापल्या घरी पळाले. कोणी डगला घालून आला, कोणी शेजाऱ्याकडून मागून आणलेली, गुडघ्यापर्यंत येणारी अचकन घालून आला. जगदेवमामांना हलका कोट मिळेना, तेव्हा त्यांनी थंडीतला लोकरीचा कोट बाहेर काढला. तो घालून, हातात तोच लोटा घेऊन ते पाटासमोर खाली बसले.

"हात धुवा व्याही. त्या दिवशी मी चुकलो."

त्यांनी स्वतः इंद्रभानजींच्या हातावर पाणी घातलं. दारात पंचफुला बाळाला घेऊन उभी होती. तिची जाऊ तिच्या मागे उभी होती आणि तिची मान खाली होती. पंचफुलानं आईचा हात घट्ट धरला. तुळसाबाईंना हसावं की रडावं कळेना.

घोंगडी निघाली, पुरणपोळीचं ताट पुन्हा पुढे आलं, इंद्रभानजींनी घास घेतला आणि पंगत सुरू झाली. अख्खी ओसरी कोटात जेवली. कढीचा भुरका मारावा आणि बाहीनं घाम पुसावा, असं चाललं होतं. पलीकडे फक्त लखमा बंडीत बसून पुन्हा पुन्हा वडे मागत होता.

परतताना दमणी गावाबाहेर पडली, तसा इंद्रभानजींनी कोट काढून दमणीच्या कमानीला टांगला. उघड्या अंगावर उन्हाची झळ लागत होती, पण त्यांना ती झुळूक वाटत असावी.

"तुमी सांगून काहून नाई देलं?" तुळसाबाई म्हणाल्या. "बायकोनं बंडी काढून घेतली म्हनून."

"पोरीच्या सासरी पोरीच्या मायचं हसू करू का? लोटा घासला तं माहं हसू झालं, ते चालते."

या माणसाला आपण सकाळपासून नुसतं टोचत होतो, याची तुळसाबाईंना लाज वाटली, आणि त्याच्याबद्दल एवढी माया दाटून आली की त्यांनी पदरानं त्याच्या पाठीवरचा घाम टिपला.

"आजपासून मी तुमाले कोट घाला म्हननार नाई," त्या म्हणाल्या. "कधीच नाई."

तेवढ्यात मागून तट्टाच्या टापा आल्या. "व्याही, थांबा," अशी हाक आली. इंद्रभानजींनी कोणी न सांगता कमानीवरचा कोट ओढला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.

भगवंतराव तट्टावरून उतरले. तेही कोटात होते. त्यांच्या हातात पुरणपोळ्यांची दुरडी होती. "बांधून देलेली दुरडी चुलीपाशीच राह्यली, मी तसाच धावत आलो. अन् एक सांगाचं होतं. जगदेवनं लोटा आज सोता घासला. पंचफुलाच्या जावेले म्हनलं त्यानं, आता याचं नाव काढाचं नाई. अन् तुमच्या घरची रीत आमाले समजली. याच्यापुढे आपन भेटू तवा कोटातच भेटू."

"हो, रीत म्हंजे रीत," इंद्रभानजी हताश होऊन म्हणाले.

तुळसाबाईंना दोघांचीही दया आली. व्याह्यांशी थेट बोलायची चाल नव्हती, म्हणून त्या डोक्यावरचा पदर ओढून लखमाला म्हणाल्या, "लखमा, सांग त्यायले. लय तपून राह्यलं. रीत गेली खड्ड्यात, दोघंई कोट काढा अन् त्या लिंबाखाली जरासे बसा."

इंद्रभानजींनी गळ्यापाशी कोट घट्ट धरला. आणि भगवंतरावांनीही, अगदी तसाच, दोन्ही हातांनी आपला कोट गळ्यापाशी धरला.

"नाई नाई," भगवंतराव घाईनं म्हणाले. "वारा थंड हाय."

"हो ना," इंद्रभानजी म्हणाले. "लय थंड हाय."

गरम वाऱ्यानं रस्त्यावरची धूळ उडाली. भगवंतरावांच्या पोटावर तटतटणाऱ्या कोटाची दोन बटणं ताणली गेली होती आणि त्यांच्या मधून उघडं पोट स्वच्छ दिसत होतं. पाहुणे गेल्यावर बिचारे कोट न् बंडी काढून लवंडले असतील, आणि दुरडी आठवल्याबरोबर घाईत नुसता कोट अडकवून निघाले असतील. तुळसाबाईंनी पदर तोंडात कोंबला आणि दुसरीकडे पाहिलं.

दोघे व्याही गळ्याशी हात धरून कडुलिंबाखाली बसले आणि एकमेकांच्या कोटाची तारीफ करू लागले. लखमानं बंडीची बाही सरसावली आणि दुरडीतली एक पोळी काढली.