पांढऱ्या दगडांची वसाहत

प्लॉट क्र. १ (कोपऱ्याचा; दोन बाजूंनी उजेड)

जमीन ईश्वराने एकदाच निर्माण केली आणि नंतर त्या कामाकडे पुन्हा वळून पाहिले नाही. तेव्हापासून जमिनीत जी काही वाढ झाली, ती वामनरावांसारख्या माणसांनी केली. ही वाढ लांबीरुंदीत होत नाही, भावात होते. आणि भाव मातीत नसून ऐकणाऱ्याच्या कानात असतो, हे ज्याला कळले त्याला नांगराची गरज उरत नाही.

वामनराव बोरटेकचे. बोरटेक पुसदहून ढाणकीच्या बाजूला जाताना लागते. (नकाशात लागत नाही. नकाशाचा विषय पुढे येईल.) आधी ते कापसाची दलाली करीत. कापूस काट्यावर चढवावा लागतो आणि काटा कधीकधी खरे बोलतो. जमीन काट्यावर चढत नाही, हे ध्यानात येताच त्यांनी १९६१ च्या चैत्रात धंदा बदलला.

प्लॉट क्र. २

त्या चैत्रात सरकारी जीपमधून चार माणसे आली. त्यांनी साखळी ओढली, गावाच्या कडेला चार दगड रोवले, दगडांना चुना फासला, चहा घेतला आणि ती गेली. नवी सडक होणार, असे ती म्हणाली, किंवा कोणीतरी ऐकले. आठव्या दिवशी चौथ्या दगडाजवळचे शेत दुप्पट भावाने गेले.

यावरून वामनरावांनी जो निष्कर्ष काढला, तो क्रमिक पुस्तकांत नसल्याने येथे पूर्ण देत आहोत:

सडकेने भाव वाढतो, असे लोक मानतात.
सडक आलेली नाही.
भाव वाढला आहे.
म्हणजे भाव दगडाने वाढतो.
दगड आपल्याकडे आहेत.

यवतमाळ जिल्ह्यात दगडांची टंचाई कोणत्याही राजवटीत झालेली नाही. वामनरावांनी घरामागे चुन्याचा खड्डा खणला. (एकूण भांडवल: चुना, कुंचा, बादली. बादली घरचीच.)

प्लॉट क्र. ३

एकच पांढरा दगड दोन बातम्या देतो, हे या शास्त्राचे मर्म. विकणाऱ्याला तो सांगतो: सरकार तुझे शेत फुकटात घेणार, आताच वीक. घेणाऱ्याला सांगतो: मोटार स्टँड येणार, आताच घे. दगड तोच, जागा तीच, फक्त त्याच्याशेजारी उभा राहणारा माणूस बदलतो. नऊ विकणाऱ्यांपैकी आठांना त्या काळात झोप लागली नाही. घेणाऱ्यांपैकी तर एकालाही लागली नाही, पण आनंदाने.

अशा रीतीने सात एकर जमवून वामनरावांनी 'नवयुग वसाहत' काढली. चोवीस प्लॉट. वसाहतीच्या कचेरीत (म्हणजे त्यांच्या ओट्यावर) एक दाखला काच लावून टांगला होता: "या भागातील सर्व पांढरे दगड सरकारचे असून ते बसवताना मी स्वतः हजर होतो." खाली वामनरावांची सही, दोन साक्षीदार.

पहिला प्लॉट दारव्ह्याचे निवृत्त हेडमास्तर नानाजी यांनी घेतला. त्यांनी चष्मा पुसून दाखला दोनदा वाचला आणि मगच पैसे दिले. सुशिक्षित माणूस लेखी असल्याशिवाय फसत नाही.

प्लॉट क्र. ४

बगीच्यासाठी राखीव. (सध्या शेळ्या आहेत.)

प्लॉट क्र. ५

वसाहतीत सर्व सोयी होत्या. पाणी मात्र शेजारच्या शेतात होते. ते तीन एकरांचे शेत तांड्यावरच्या बिजलीबाईंचे. त्यातली विहीर त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने सात उन्हाळे खणून काढली होती. पाणी लागले आणि पुढच्या पोळ्याला नवरा गेला. आता सगळा तांडा त्याच विहिरीवर पाणी पीत असे. वसाहतीच्या नकाशात मात्र तिथे निळे वर्तुळ काढून 'वसाहतीची विहीर' असे आधीच लिहिले होते. उरलेला भाग किरकोळ होता, म्हणजे ती विकत घेण्याचा.

एका सकाळी बिजलीबाईंच्या तुरीत तीन पांढरे दगड उगवले. थोड्याच वेळात वामनराव बांधावर आले. (चांगल्या गुंतवणूकदाराला वेळेचे भान असते.)

"बाई, लय वाईट झालं," ते म्हणाले. "सडक तुह्या विहिरीवरूनच चालली."

"विहिरीवरून? मंग मोटार पाण्यात नाही पडन काय?"

"बुजवतात ना विहीर! मोबदला भेटन, पन कागद मुंबईले जाईन, मुंबईहून यवतमाळले येईन, तोवर नातवाचे दात पडतीन. मी रोख देतो. तुह्या भल्यासाठीच बोलून राह्यलो."

"तुमी घेतल्यावर सडक येनार नाही काय, वामनभाऊ?"

हा प्रश्न पूर्वी कोणी विचारला नव्हता. "माह्यं मी पाहून घेईन," वामनराव म्हणाले.

"अन् दगड काढून टाकला तं?"

"सरकारी दगडाले हात लावला का सहा महिने आत!"

"हात नाही लावला. डोक्यावर घेतला तं?"

वामनरावांना हसू आले. "डोक्यावर घे, नाहीतं घेऊन नाच. हात नको लावू म्हंजे झालं. गुरुवारी ढाणकीचा बाजार करून कागद घेऊनच येतो."

कायद्याचा हा अर्थ त्यांनी विहिरीवर पाण्याला आलेल्या चार माणसांसमक्ष सांगितला, याची नोंद असावी.

प्लॉट क्र. ६

बिजलीबाईंनी तांड्याचे नाईक शंकरसिंग यांना बोलावले. शंकरसिंगांच्या घराण्यात तीन पिढ्या बैलांच्या पाठीवरून मिठाची ने-आण झाली. त्यामुळे सडकेकडे ते बैलाच्या बाजूने पाहतात. त्यांनी दगड पाहिले, टेकडी पाहिली, विहीर पाहिली.

"माह्या आजानं याच मुलखातून मीठ वाह्यलं," ते म्हणाले. "त्याचा बैल कधी टेकडी चढून विहिरीत उतरला नाही. सरकार येडं असन, पन बैलाहून येडं नसन."

"मंग ठेवले कोनं?"

शंकरसिंग खाली वाकले. गवतावर पांढरे थेंब होते. थेंब शेताबाहेर गेले होते, वसाहतीच्या सातव्या, आठव्या आणि नवव्या प्लॉटमधून, शेळ्यांच्या मधून, थेट वामनरावांच्या ओट्यापर्यंत. तिथून मागच्या खड्ड्यापर्यंत.

"दगड वाट चुकले, बाई," शंकरसिंग म्हणाले. "घरी पोचवून देऊ बिचाऱ्याईले."

गुरुवारी वामनराव बाजाराला गेले. भर दुपारी शंकरसिंगांनी पहारीने एकेक दगड टोपलीत लोटला आणि बायकांनी टोपल्या डोक्यावर घेतल्या. दगडाला एकाही हाताचा स्पर्श झाला नाही. बिजलीबाईंचे तीन आणि आजूबाजूच्या शेतांत सापडलेले आठ, असे एकूण अकरा दगड, थेंबांच्या रेषेवर, बिजलीबाईंच्या बांधापासून साठ पावले सोडून, तीस-तीस पावलांवर बसवण्यात आले. शेवटचा वामनरावांच्या पायरीला टेकला. वाटेत चुना थोडा खरवडला होता. खड्डा, बादली आणि कुंचा तिथेच असल्याने बिजलीबाईंनी तो नीट लावून घेतला.

प्लॉट क्र. ७, ८, ९

सडकेत गेले.

प्लॉट क्र. १०

संध्याकाळी वामनराव परतले तेव्हा त्यांच्या ओट्यासमोर गर्दी होती. त्यांना वाटले, मार पडणार. पण प्लॉटधारक हर्षभरित होते. सडक वसाहतीच्या शेजारून जाईल, एवढीच त्यांची अपेक्षा होती; ती वसाहतीच्या आतून चालली होती! नानाजींनी तर पेढे मागवले. वामनरावांनी पायरीचा दगड उचलण्यासाठी हात पुढे केला.

"हां!" मागून बिजलीबाई म्हणाल्या. "सहा महिने, भाऊ."

वामनरावांनी हात मागे घेतला. उरलेले पाच प्लॉट त्यांनी दिवेलागणीपूर्वी विकले, तेही चढ्या भावाने. सोबत आणलेला बिजलीबाईंचा कागद खिशातच राहिला. तो काढायला त्यांना फुरसत झाली नाही. दगड सावकाश हलवता येतील, असा त्यांचा विचार होता. पण तेवीस प्लॉटधारकांनी आळीपाळीने दगडांवर पहारा ठेवला.

दिवाळीनंतर बांधकाम खात्याचा नवा ओव्हरसियर आला. सडकेचा मूळ नकाशा जुन्या राज्याच्या वेळी नागपुरात होता. राज्य बदलल्यावर तो मुंबईला निघाला आणि अजून वाटेत होता. तोवर जागेवरच्या खुणा प्रमाण मानाव्यात, असा हुकूम होता. ओव्हरसियरने दगड मोजले. चार अधिक अकरा. रेषा जरा विचित्र दिसते, असे तो म्हणाला. दगड खरे आहेत, हे कोण सांगेल?

नानाजींनी भिंतीवरून दाखला काढून आणला. "वामनराव, सही आपलीच ना?"

दगड माझे म्हणावे, तर पुढे तेवीस प्लॉटधारक उभे. दगड सरकारचे म्हणावे, तर मागे घर उभे. वामनरावांनी चहाचे दोन कप घेतले.

"सरकारचेच," ते म्हणाले.

प्लॉट क्र. ११

आज, १९६४ मध्ये, सडक उत्तम आहे. ती गावाबाहेर एक अनाकलनीय वळण घेते, बगीच्यावरून जाते (शेळ्यांना अन्यत्र जागा दिली आहे) आणि वामनरावांच्या ओट्यावरून, माजघरातून आरपार निघते. उरलेल्या घराला दोन बाजूंनी उजेड आहे. मोबदल्याचा कागद मुंबईला गेला आहे. मध्यंतरी वामनरावांच्या धाकट्या नातवाचे दुधाचे दात पडून नवे आले. नानाजींच्या प्लॉटचा त्रिकोण झाला. त्रिकोणाचे क्षेत्रफळ कसे काढतात, हे त्यांना येत असल्याने त्यांची हळहळ इतरांहून अचूक आहे.

बिजलीबाईंची तूर जागेवर आहे. विहीरही आहे. एस.टी.चे ड्रायव्हर इंजिनात पाणी घालायला तिथे थांबतात, कारण शेत आता सडकेपासून साठ पावलांवर आले आहे. खऱ्या सडकेपासून. त्यामुळे चौकशीला माणसे येतात. पहिले वामनराव आले. बिजलीबाई सर्वांना एकच सांगतात: "विकाचं नाही." दर नकारामागे भाव वाढतो. बिनचुन्याचा इतका विकास आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

प्लॉट क्र. १२ (शिल्लक)

बिजलीबाईंबद्दल आपल्याला आपुलकी वाटली असेल. ती वाटायलाच हवी. शेत वाचले म्हणून बरेही वाटले असेल. त्यानंतर 'सडकेपासून साठ पावलांवर' हे शब्द आले तेव्हा आपण क्षणभर थांबलात. (सगळेच थांबतात.) आजचा भाव काय असेल, हे मनात आलेच असेल. संकोच नको, चौकशीच्या वहीत अकरा नावे आहेत, सगळी भली माणसे आहेत आणि अकराही जणांना बिजलीबाईंबद्दल आपुलकी आहे.

बारावी ओळ मोकळी ठेवली आहे.

१२. ______________________

नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे. दगडाचे आम्ही पाहून घेऊ.