दिवंगत संगणक

चाळीस वर्षे संस्कृत शिकवल्यावर माणसाची एक खात्री होऊन बसते: कोणत्याही मजकुराला आपला हात लागला की तो सुधारतोच. माझीही तशी खात्री होती, हे प्रथमच कबूल करतो.

माझ्या सूनबाईने नोकरी सोडून स्वतःचा उद्योग मांडला. कोणते संगणक चालू, कोणते थकलेले, कोणते बंद, हे दाखवणारे आलेख ती घडवते. स्तंभ, वर्तुळ, रेषा असे सुटे भाग एकदाच करायचे आणि प्रत्येक पडद्यावर हवे तसे जोडायचे.

"म्हणजे समासच की," मी म्हणालो. "पदे तीच, जोडणी नवी."

"अगदी तेच, बाबा. आणि सगळे शब्द एकाच यादीतून येतात. तेवढी यादी तपासून द्याल? फक्त ऱ्हस्व-दीर्घ हं."

'फक्त' हे अव्यय मी ऐकले होते. परंतु बंद पडलेल्या संगणकासाठी यादीत 'बंद' एवढाच शब्द होता. यंत्र झाले तरी त्याने आपली सेवा केलेली असते. इतका कोरडा शब्द मला सोसवेना. मी तिथे 'दिवंगत' लिहिले.

दुसऱ्या दिवशी एका रुग्णालयात तिच्या कामाची परीक्षा होती. मोठ्या डॉक्टरांनी होकार दिला तर उद्योगाचे हे पहिले काम. नाही तर पुन्हा जुन्या नोकरीचे दार. 'हे माझे सासरे, संस्कृतचे शिक्षक होते,' अशी तिने ओळख करून दिली आणि मी कौतुकाने मागच्या खुर्चीत बसलो. पडदा उजळला.

'शस्त्रक्रिया विभाग: दिवंगत ३.'

मोठ्या डॉक्टरांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "सकाळपासून तीन? आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"अहो, माणसं नाहीत, कॉम्प्युटर..." सूनबाई सांगेपर्यंत पुढचे पान आले. 'उपाहारगृह: दिवंगत २.'

"तरी मी म्हणत होते, त्यांच्या तेलाकडे बघा," मुख्य परिचारिका म्हणाली.

पण ऐकायला डॉक्टर होते कुठे? ते वाघ मागे लागल्यासारखे जिन्याकडे धावले होते.

सूनबाई माझ्याकडे वळली. "बाबा, ऱ्हस्व-दीर्घ?"

"जरा आदरार्थी केलं, बाळ."

तिने यादीतला तो एकच शब्द बदलला आणि क्षणात सर्व पडद्यांवर 'बंद' उमटले. माझा प्रमाद जितक्या वेगाने पसरला, तितक्याच वेगाने पुसला गेला. त्या रचनेला मी मनोमन हात जोडले.

डॉक्टर धापा टाकत परतले. "पेशंट सगळे जागच्या जागी आहेत. पण ते तीन कॉम्प्युटर खरंच चार दिवस बंद पडलेत. वर टॉवेल वाळत घातलेत लोकांनी! नुसतं 'बंद' दिसलं असतं, तर मी खुर्चीतून उठलोही नसतो. काम तुमचंच."

घरी येताना सूनबाई मला एका शब्दानेही बोलली नाही. एवढा मनाचा मोठेपणा मला शास्त्रे वाचून आला नाही. त्याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे.

आठवड्याने रुग्णालयाचे पत्र आले. अट एकच: 'यादीतील शब्द बदलण्याचा अधिकार कोणाही संस्कृतज्ञास नसावा.'

'नसावा'पेक्षा 'असू नये' अधिक शोभले असते, असे मी म्हणणार होतो. पण तोवर सूनबाईने पत्र कपाटात ठेवून किल्ली फिरवली होती.