बादशाहकडची मंडळी

सोनगीरचे हिंमतआबा जोडणीसाठी मादी घेऊन आलेल्या माणसाला खाटेवर बसू देत नाहीत. त्याच्यासाठी खाली सतरंजी असते. खाटेवर आबा बसतात आणि त्यांच्या शेजारी बादशाह, त्यांचा ग्रेहाऊंड नर.

"आम्ही पोऱ्यावाला," आबा सांगतात, म्हणजे मुलाकडचे.

महामार्गालगतच्या शेतात ते ही कुत्री वाढवतात. बादशाहची पिल्लं लांब गावी गेली आहेत आणि त्याच्याकडे दूरदूरून माद्या येतात. मादी उतरली की चौकशी सुरू होते. तिनी माय कशी व्हती? दात दाखाडा. रागे भरस का? साक्रीच्या एका शेतकऱ्याची मादी विचारपूस संपायच्या आतच बादशाहच्या अंगावर उडी मारून गेली. आबांनी दोघांना परत पाठवलं.

"कितली उतावळी शे!"

"आबा, कुत्री शे ती."

"मंग मालकले तं लाज पाहिजे."

पुढच्या खेपेला तो टोपी-उपरणं घेऊन आला. टोपी आबांनी घातली, उपरणं बादशाहला. जोड लागली.

आबांना मुलगा नाही, मुलीच. त्यांच्या पत्नी, अक्का, चहा देताना हटकून ऐकवतात, "आमन्या पोरीस्ना लगीनमा हाऊ मानूस हात जोडीसन उभा ऱ्हाये." आबा तेवढ्यापुरते बादशाहचे कान तपासू लागतात.

मागच्या हिवाळ्यात सावद्याचे केळीचे व्यापारी शकीलभाई एका संध्याकाळी चांदणीला घेऊन आले. चांदणी ही बादशाहची मुलगी, शकीलभाईंच्याच मादीला झालेली. ती गाडीतून उतरली, धावली आणि पाण्याच्या हौदावर आदळली. आबा हसले. शकीलभाई हसले नाहीत.

"अंधार पडला की तिला दिसत नाही, आबा. आता दिवसाही कमी दिसतं."

सकाळी दोघं तिला धुळ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी तेव्हा आबांकडे मुक्कामाला होतो, म्हणून मीही सोबत गेलो. डॉक्टरांनी तिचे डोळे बराच वेळ पाहिले. ती पूर्ण आंधळी होणार, उपाय नाही, असं सांगितलं. हा दोष आई आणि बाप दोघांकडून उतरतो. बादशाहला स्वतःला काही होणार नाही; त्याच्या पिल्लांना होऊ शकतं.

परतताना शकीलभाई म्हणाले, "माझ्या मादीचं मी बघतो. बादशाहचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. एवढं नाव कमावलंय तुम्ही, ते का घालवायचं?"

आबा म्हणाले, "मी बठ्ठास्ले इचारं, एकले बी सोडं नही. आमले कोनी इचारंच नही."

शेतावर शिरपूरचा एक माणूस मादी घेऊन सतरंजीवर थांबलेला होता. आबांना पाहून तो घाईने उठला.

"आबा, सतरंजी काढली तर मातीत बसतो. पण आज जोड लावाच."

आबांनी त्याला हाताला धरून बसवलं आणि स्वतः त्याच्यासमोर सतरंजीवर बसले. "भाऊ," ते म्हणाले, "आमना पोऱ्यामा खोट शे. तुमनी पोर लई जा."

त्याच आठवड्यात बादशाहचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं. पिल्लं जिथे जिथे गेली होती तिथे आबा स्वतः गेले आणि प्रत्येक मालकाला सांगितलं, जोड लावू नका. काहींनी चहा दिला. काहींनी दारातूनच सुनावलं. शेतावर आता गाड्या थांबत नाहीत. शकीलभाईंना विनवून आबांनी चांदणीला ठेवून घेतलं.

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा अंगणात बसलो होतो. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून खुर्ची थोडी सावलीत ओढली. आबा लगेच उठले.

"तठेच ऱ्हाऊ द्या. तिले बठ्ठं पाठ शे."

त्यांनी खुर्ची होती तिथे आणून ठेवली, पायाने जागा चाचपून पुन्हा बोटभर सरकवली. चांदणी उठली. खुर्चीला वळसा घालून, खाटेच्या कडेने ती हौदाशी गेली आणि पाणी प्यायली.

मी उन्हातच बसून चहा घेतला.