धुक्यातला बेडूक

"सॅलमँडर? अहो, डोळे मिटून काढून देतो!" नार्सिसोने भर गावसभेत छाती ठोकली.

शहराहून प्राण्यांच्या अभ्यासक शिमेनाबाई आल्या होत्या. ओलसर, गुळगुळीत अंगाचा हा पालीसारखा प्राणी डोंगरावरच्या रानात अजून आहे असं दिसलं, तर गाव लाकूडवाल्यांना नकार देणार होतं. नाहीतर रान गेलंच!

"यांना घरात स्वतःचा बूट सापडत नाही," असं म्हणत त्याची बायको युफेमियाही तमाल्यांची, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पिठाच्या पुडांची, टोपली घेऊन मागोमाग निघाली.

वर धुकं असं, की आपलाच हात परक्याचा वाटावा!

"जिथे बेडूक, तिथे सॅलमँडर," नार्सिसोने फर्मावलं. "बाई, तुम्ही डावीकडून या, आम्ही उजवीकडून."

दबकत दबकत तो बेडकाची नक्कल करू लागला. "टुक! टुक!"

धुक्यातून उत्तर आलं. "टुक!"

"ऐकलंस? चांगला दांडगा आहे!"

"अहो, हळू बोला, पळेल!" बायको कुजबुजली.

टुक! टुक! आवाज जवळ येत गेला. नार्सिसो पोटावर सरपटला, दम धरला आणि मांजरासारखी झेप घेतली. हाताला काहीतरी थंडगार, चिकट लागलं.

"सापडला! बापरे, केवढा थोरला!"

"काका, माझा पाय सोडा!" शिमेनाबाई किंचाळल्या.

"म्हणजे ते टुक टुक...?"

"मीच करत होते! आणि तिकडून जो बेडूक उत्तर देत होता..."

"तो मी," नार्सिसो पडेल आवाजात म्हणाला.

युफेमिया हसून हसून टोपलीवरच बसली. तमाल्यांचा पार लगदा झाला!

चिडून उठताना नार्सिसोने आधाराला ओकची फांदी धरली. ती कुजकी निघाली. फांदीवर वाढलेली, अननसाच्या शेंड्यासारखी झुडपं त्याच्या डोक्यावर आली, पानांत साठलेल्या घागरभर पाण्यासकट! पुढच्याच क्षणी तो जत्रेतल्यासारखा नाचू लागला.

"मेलो! सदऱ्यात शिरलंय काहीतरी! युफेमिया, पोरांना सांभाळ गं!"

"पोरांना पोरं झाली! उभे राहा नीट!" तिने सदरा खसकन वर ओढला.

पाठीच्या मधोमध, तांबूस रंगाचा, बोटभर सॅलमँडर निवांत बसला होता.

"हलू नका!" बाई कॅमेरा काढत ओरडल्या. "काका, श्वाससुद्धा घेऊ नका!"

"अहो, पण विष चढेल!"

"तो चावत नाही!"

"गुदगुल्या होतायत!"

"मग मनातल्या मनात हसा!"

फोटो निघाला. बाईंनी ओल्या हातांनी सॅलमँडरला अलगद उचलून झुडपात सोडलं. गावसभेने फोटो पाहिला, एकमताने हात वर केले आणि रान वाचलं. आता तो फोटो मोठा करून सभागृहात लावलाय. नार्सिसो आल्यागेल्याला हात धरून तिथे नेतो. फोटोखाली सॅलमँडरचं लांबलचक शास्त्रीय नाव आहे, शिमेनाबाईंचं नाव आहे, गावाचंही आहे.

पाठ कोणाची, ते मात्र नार्सिसोला दर वेळी सदरा वर करून पटवून द्यावं लागतं!