खडकमाळच्या खड्ड्यास दररोज दोन बादल्या

वीज नको तिथे उतरली की तिला जमिनीत सोडावं, असा शास्त्राचा नियम आहे. सरकारी तक्रारीचंही तेच करतात. फरक एवढाच, की तक्रार जमिनीत जाताना कुणाला झटका बसत नाही.

केज तालुक्यातल्या खडकमाळला सौर नळयोजना झाली तेव्हा हा नियम काटेकोर पाळला गेला. बोअरवर लोखंडी सांगाडा उभा राहिला. सांगाड्यावर टाकी, टाकीच्या डोक्यावर आठ सोलर प्लेटा, खाली चार तोट्या. सांगाड्यात चुकून वीज उतरलीच तर ती माणसात न जाता पट्टीवाटे जमिनीत जावी, म्हणून शेजारी अर्थिंगचा खड्डा खणला. आत मीठ, कोळसा, तांब्याची दांडी. वर सिमेंटचं झाकण आणि झाकणावर पिवळ्या रंगात '१'. (गावात दुसरा खड्डा नव्हता. पण नंबर घातला की काम झाल्यासारखं दिसतं.)

मार्चात कुठलीशी वायर उन्हानं सोलली आणि वीज खरोखरच सांगाड्यात उतरली. ती खड्ड्याकडे जाईना, बायांकडे जाऊ लागली. ऊन चढलं की तोटीला झटका, आणि ऊन उतरेपर्यंत टाकी रिकामी. बायांनी मग डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन तिनं तोटी फिरवायला सुरुवात केली. झटके बसलेल्यांची अधिकृत संख्या शून्य होती, कारण तसा रकानाच नव्हता. अनधिकृत संख्या म्हणजे गावातल्या सगळ्या बाया, वजा सरपंचबाई. त्यांच्या घरी स्वतंत्र बोअर आहे.

ग्रामपंचायतीचा शिपाई जालिंदर याची बायको मनकर्णा हिची चुंबळ एके दिवशी ओली होती. मनकर्णा हंड्यासकट फेकली गेली आणि तिचा उजवा हात खांद्यापर्यंत बधिर झाला.

"आवं, पंचायतीत तुमीच कामाला ना?" ती म्हणाली. "मंग एखादी मेल्यावर सांगनार का सायबाला?"

जालिंदरनं तालुक्याच्या पाणीपुरवठा कार्यालयात अर्ज केला. कार्यालय तत्पर असल्यामुळे उत्तर तिसऱ्या आठवड्यातच आलं: 'खड्डा कोरडा पडल्याने अर्थिंग कमजोर झाले आहे. सबब खड्ड्यास दररोज दोन बादल्या पाणी द्यावे, नोंदवही ठेवावी व झाकणासह फोटो पाठवावा.'

शास्त्र बिनचूक होतं. ओल्या मातीतून वीज चांगली जाते. प्रश्न पाण्याचा होता, आणि पाणी त्याच तोटीला होतं. जालिंदर रोज चुंबळ घेऊन जाई, जीव मुठीत धरून दोन बादल्या भरी आणि खड्ड्याला पाजी. मे महिन्यात गावाला माणशी दीड बादली मिळत होती, खड्ड्याला दोन. एकदा फोटोत झाकणाचा नंबर दिसला नाही म्हणून त्या दिवसाचं पाणी नामंजूर झालं आणि ते पुन्हा द्यावं लागलं. झटके काही थांबेनात. आपलंच पाणी कमी पडतंय असं वाटून त्यानं घरातली तिसरी बादलीही ओतली. इतका विश्वास खुद्द कार्यालयातल्या अभियंत्याचाही त्या खड्ड्यावर नव्हता.

बत्तिसाव्या दिवशी पाणी ओतताना तो पहिल्यांदाच वाकून आत बघत बसला. सांगाड्याकडून आलेली पट्टी खड्ड्याच्या काठाशी, दांडीच्या वीतभर अलीकडे संपली होती आणि तिचं टोक नीट मातीत खोचलं होतं. दांडीला ती जोडलेलीच नव्हती.

त्यानं पंचायतीतला तपासणीचा फॉर्म काढला. खड्डा आहे काय? होय. मीठ? होय. कोळसा? होय. झाकण रंगवले काय? होय. पट्टी दांडीला जोडली काय, असं कुणी विचारलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं कार्यालयीन शिस्तीत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आधी, जालिंदरनं मोडक्या कडबा कुट्टीची लोखंडी पट्टी आणून दोन बोल्टांनी ती वीत जोडून टाकली. दुपारी मनकर्णानं भीत भीत ओल्या हातानं तोटी फिरवली.

"लई दिसांनी नुसतं पानी आलं," ती म्हणाली.

जालिंदरला इतका आनंद झाला की त्यानं सगळं खरंखरं नोंदवहीत लिहिलं आणि त्या पानाचा फोटोही कार्यालयाला पाठवला. आयुष्यात त्याच्या हातून झालेली ही एकमेव कार्यालयीन चूक. चौथ्या दिवशी नोटीस आली: विनापरवानगी शासकीय यंत्रणेत हस्तक्षेप, तीन दिवसांत पूर्वस्थिती करावी, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल.

तो पाना घेऊन खड्ड्याशी बसला. मनकर्णा आली, तिनं ओल्या हातानं सांगाड्याचा खांब धरला आणि म्हणाली, "खोला आता."

मग त्यानं पाना खिशात घातला, झाकण लावलं आणि फोटो काढला. कार्यालयानं तो जुन्या फोटोशी ताडून पाहिला. झाकण तेच, नंबर तोच, बादली तीच. पूर्वस्थिती झाल्याची खात्री पटली.

पुढच्या आठवड्यात अभियंता आले. त्यांनी पेनाच्या टोकानं तोटीला हात लावला. झटका नाही.

"हे कशानं थांबलं?" त्यांनी विचारलं.

जालिंदरला नोकरी आठवली. "पाण्याचा गुण, साहेब," तो म्हणाला.

तालुक्यातल्या एकसष्ट गावांना परिपत्रक गेलं: खडकमाळच्या धर्तीवर खड्ड्यास दररोज दोन बादल्या. जालिंदरला शाल आणि नारळ मिळाला. जूनमध्ये शेजारच्या गावचा शिपाई धोंडीराम त्याला शोधत आला.

"महिना झाला पाजतोय बे," तो म्हणाला. "झटका जात न्हाई. काल एका पोरीला लई जोरात बसला. कावून जात नसंल?"

जालिंदरच्या तोंडाशी बोल्ट आला होता. मग त्यानं भिंतीवरच्या शालीकडे पाहिलं.

"तीन देऊन बघ," तो म्हणाला.

वाचकांना जालिंदरचा राग येणं साहजिक आहे. तो आवरेपर्यंत आपल्या फ्रिजची पिन पाहावी. तीन दांड्यांतली जाड दांडी अर्थिंगची असते. (चार्जर बसेना म्हणून तिच्या भोकात आपण पेनाचं टोपण खुपसतो, तीच जागा.) तिथली वायर भिंतीतून निघून पुढे कुठे जाते, हे घर घेताना आपण विचारलं होतं का? नसेल, तर खाली जाऊन शोधा. काही सापडलं नाही, तर निदान दोन बादल्या पाणी ओता.