तळघरातले तेरा अंश

"खोलीत साधारण किती माणसं बसतात, नाना?" एसीच्या दुकानात ज्ञानेशने वही उघडत विचारलं.

"माणसं बसत नाहीत. बाटल्या असतात," गोरक्ष ढोमसे म्हणाले. "त्याही आडव्या."

ज्ञानेशने वही मिटली नाही, पण लिहिणं थांबवलं. घरातून निघताना गोरक्षरावांना वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम आहे. एसी घ्यायचा, तळघरात लावायचा, रिमोटवर तेराचा आकडा आणायचा आणि जेवायला घरी जायचं. आता कळलं की दुकानातला एकही एसी सोळाच्या खाली उतरत नाही. शिवाय एसी खोलीतली ओल ओढून घेतो, आणि बाटल्यांना तर ओल हवी. त्यावर ज्ञानेशने उपाय सांगितला. हवेत पाणी फवारणारं दुसरं मशीन मिळतं, ते शेजारी ठेवून द्यायचं. म्हणजे एका मशीनने खोलीतलं पाणी बाहेर काढायचं आणि दुसऱ्याने ते परत आत सोडायचं. आपण ऐकलं ते हेच का, हे गोरक्षरावांनी दोनदा विचारून घेतलं. ज्ञानेश म्हणाला, अगदी बरोबर समजलात.

गोरक्षरावांची निफाडजवळ द्राक्षबाग. राहायला नाशिकात गंगापूर रोडला बंगला. सकाळी गाडी काढून मळ्यात जायचं, दुपार कलली की परत. बागेतल्या अडीच एकरांची द्राक्षं गेली पंधरा वर्षं वाईनसाठी जात होती, पण त्यांनी स्वतः वाईन कधी जिभेला लावली नव्हती. मुलीने, आरोहीने, वाईन बनवण्याचंच शिक्षण घ्यायचं ठरवलं तेव्हा महिनाभर ते तिच्याशी धड बोलले नव्हते. ती शिकली, विंचूरच्या एका वायनरीत लागली आणि गेल्या हंगामात तिने घरच्या द्राक्षांची, स्वतःची अशी पहिली वाईन केली. एकशे वीस बाटल्या. परवाने, कागदपत्रं सगळं तिनेच निस्तरलं. फेब्रुवारीत चार महिन्यांच्या कामासाठी न्यूझीलंडला जाताना तिने त्या बाटल्या वायनरीत न ठेवता वडिलांच्या तळघरात आणून लावल्या. तेरा डिग्री, सत्तर टक्के ओल, अंधार, आणि हलवायच्या नाहीत, एवढं सांगून ती विमानात बसली.

फेब्रुवारीत तळघर आपोआपच थंड होतं. मार्च लागला आणि थर्मामीटर चढायला लागला. पोरीने एवढं जिवाभावाचं काम आपल्यावर सोपवलं, हे गोरक्षरावांच्या मनाला फार भिडलं होतं. पण असलं काही बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती. त्यामुळे ते भेटेल त्याच्याशी फक्त डिग्रीबद्दल बोलत.

एसीवाल्यानंतर त्यांनी पुंजाला गाठलं. परदेशी जाणारी द्राक्षं गार करायच्या खोल्या निफाड भागात पुंजानेच बांधलेल्या. थंडीतलं त्याला कळत नाही असं काही नाही, असं सगळे म्हणत. पुंजाने तळघर पाहिलं, भिंतीवर थाप मारली आणि विचारलं, शून्यावर न्यायचं का दोनवर?

"तेरावर," गोरक्षराव म्हणाले.

"नाना, आपल्याकडं तेरा डिग्री म्हंजे मशीन बंद पडल्याची खूण हाय. तेरा झालं का मला लोकं फोन करत्यात."

तरी करून बघू म्हणून त्याने टेम्पोतून एक जुना कॉम्प्रेसर आणला आणि तळघराच्या फरशीवर चालू केला. एकशे वीस बाटल्या एकदम किणकिणायला लागल्या. वरच्या मजल्यावर बायकोच्या, मैनाबाईंच्या, मांडणीतली पातेलीही बोलू लागली. गोरक्षरावांनी धावत जाऊन स्वतःच्या हाताने बटण बंद केलं. पुंजाचं म्हणणं, बाटल्यांना त्याची सवय होईल.

मग कुणीतरी मुंबईच्या एका कंपनीचा नंबर दिला. ही कंपनी खास वाईनच्या खोल्यांसाठीच यंत्रं करते, हे ऐकून गोरक्षरावांना हायसं वाटलं. ते तृप्ती नावाच्या मुलीने व्हिडिओ कॉल करेपर्यंत टिकलं. तृप्ती फार नम्रपणे प्रश्न विचारत होती. खोलीचं घनफळ किती, भिंतीची जाडी किती, छताला अस्तर कशाचं, दार काचेचं का लाकडी, दाराखाली फट किती मिलिमीटर? यंत्र भिंतीत बसणारं हवं, दोन तुकड्यांचं हवं का नळीतून हवा आणणारं? गोरक्षराव द्राक्षाच्या घडातले मणी बघून सांगत की याला पाणी कमी पडलंय. पण दाराखालची फट त्यांनी जन्मात मोजली नव्हती. शेवटी तृप्तीने विचारलं, गरम हवा कुठे सोडणार?

गोरक्षरावांना वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचा फॉर्म भरला जातोय. त्यांनी सांगितलं की आपल्याला गार हवा हवी आहे. तृप्तीने समजावलं की यंत्र आतली उष्णता उचलतं आणि बाहेर टाकतं. ती कुठेतरी टाकावीच लागते.

ते टेप घेऊन बंगल्याभोवती फिरले. पुढे पोर्च. एका बाजूला शेजारच्या रूपालीताईंची झोपायची खिडकी. दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी. राहिलं मागचं अंगण. अंगणाकडच्या भिंतीत भोक पाडायचं ठरलं, यंत्राची ऑर्डर गेली आणि एप्रिलच्या मध्यावर ते बसलं. पहिले पाच दिवस काटा तेरावरून हलला नाही. बाहेर अंगाची लाही होत असताना गोरक्षराव मळ्यातून आल्या आल्या स्वेटर घालून जिना उतरत आणि प्रसन्न चेहऱ्याने वर येत.

सहाव्या दिवशी तळघरात पंधरा झालं. सातव्या दिवशी अठरा. मग यंत्र पिक-पिक करायला लागलं आणि बंदच पडलं. गोरक्षरावांनी मुंबईला फोन केला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, त्याने यंत्र चालू केलं आणि तीन तास शेजारी बसून राहिला. काटा हळूहळू तेरावर आला. मेकॅनिक म्हणाला, काही बिघाड नाही, आणि चहा घेऊन गेला. तो जाऊन चार तास झाले नाहीत तोच पिक-पिक.

हे आणखी दोनदा झालं. मेकॅनिक आला की यंत्र शहाण्यासारखं वागायचं, आणि त्याची पाठ वळली की गळपटायचं. एखादं जनावर डॉक्टरला बघून लंगडायचं थांबतं तसा हा प्रकार. थर्मामीटर खोटा असेल म्हणून गोरक्षरावांनी आणखी दोन आणले. एकाने सतरा दाखवलं, दुसऱ्याने अठरा, तिसऱ्याने एकोणीस. तिघांपैकी कुणावर विश्वास ठेवावा कळेना, म्हणून ते मधल्यावर ठेवू लागले. दाराच्या फटीत त्यांनी जुना टॉवेल कोंबला. मेकॅनिक फोनवर म्हणाला दार सारखं उघडू नका, तर ते आत बसून राहू लागले. तृप्तीने कळवलं की माणसाच्या अंगाचीही उष्णता असते. तेव्हा बाहेर येऊन बसले.

आरोहीचा रविवारी फोन आला. तिने विचारलं, सगळं ठीक ना पप्पा? गोरक्षराव म्हणाले, तेराच आहे. फोन ठेवल्यावर त्यांना जेवण गेलं नाही.

त्या आठवड्यात आभाळ भरून आलं. अवकाळीची भीती म्हणून गोरक्षराव मळ्यात मजुरांना कामं लावून दुपारीच नाशिकला परतले आणि गाडी लावून, एरवी जात नसत त्या मागच्या बाजूने घरात शिरायला गेले. अंगणात, यंत्राच्या भोकाला लागून एक खाट टाकलेली होती. तिच्यावर मेणकापड आणि मेणकापडावर पांढऱ्याशुभ्र कुरडया. तिन्ही बाजूंनी जुन्या साड्या बांधून वर चादर टाकलेली, म्हणजे चांगला तंबूच. शेजारी खुर्चीत त्यांच्या मातोश्री गोजराबाई बसल्या होत्या आणि अधूनमधून साडी बाजूला सारून आत हात घालून कुरडई उलटत होत्या. मागे रूपालीताईंची पापडांची दोन ताटं आपली पाळी येण्याची वाट बघत होती.

"आई, हे काय?"

"वाळवण. उन्हात तीन-तीन दिस लागत्यात, वर कावळ्यांचा तरास," गोजराबाई म्हणाल्या. "तुझ्या मशीनची हवा लय गुणाची हाय. एका दिसात कुरडई कशी खडखडीत होती. पर मधीच बंद पडतं बघ. तेवढं दुरुस्त करून घे."

गोरक्षराव खाटेच्या कडेवर बसले. गेल्या तीन आठवड्यांतली प्रत्येक डिग्री त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. यंत्र बाहेर टाकत होतं ती गरम हवा साड्यांत अडकून परत यंत्राच्याच तोंडात जात होती. मैनाबाई पिठाचे हात पुसत बाहेर आल्या तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, मेकॅनिक यायचा तेव्हा हे सगळं कुठे असायचं?

"अहो, परका माणूस घरात यायचा, तर अंगणात हा पसारा दाखवायचा का? उचलून ठेवायचो. तो गेला की परत मांडायचो."

मैनाबाई जवळ आल्या. ती हवा नको म्हणूनच बाहेर सोडलीय ना, वाया चाललेली, असं त्यांनी विचारलं. आणि हे खरंच होतं. दोन महिने गोरक्षराव अख्ख्या नाशिकशी डिग्रीबद्दल बोलले होते. त्या भोकापुढे काही ठेवायचं नसतं, हे बायकोला सांगायचं मात्र राहून गेलं होतं. त्यांनी आता सगळं सांगितलं. आरोहीशी खोटं बोललो, तेही सांगितलं. मैनाबाईंनी ऐकून घेतलं, पदर खोचला आणि एका शब्दानेही वाद न घालता साड्या सोडायला लागल्या. शेवटची गाठ सोडताना म्हणाल्या, "पोर माझी पण आहे. तिला आत्ताच्या आत्ता फोन करा."

आरोहीने सगळं ऐकलं. मग तिने सांगितलं की एक बाटली उघडून बघावी लागेल. तिच्याबरोबर वायनरीत काम करणारी स्नेहल येऊन चव घेईल.

स्नेहल दुसऱ्या दिवशी आली. तिने तळघरातली एक बाटली अलगद उचलली, स्वयंपाकघरात आणून उघडली, पेल्यात थोडी ओतली, पेला गोल फिरवला, नाक आत घातलं आणि एक घोट घेतला. तो घोट तिने तोंडात या गालातून त्या गालात खेळवला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मग ती उठली, बेसिनपाशी गेली आणि सगळं थुंकून टाकलं.

मैनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गोरक्षराव भिंतीला टेकून, अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "एकशे वीसच्या एकशे वीस गेल्या का गं?"

"काका, थुंकायचीच असते. दिवसाला तीस-तीस चाखाव्या लागतात, गिळत बसले तर घरी कोण पोचवेल मला?" स्नेहलने आणखी एक घोट घेतला, या खेपेला गिळला. "बिघडली नाहीये. जरा घाई झालीय तिला, असायला हवी त्यापेक्षा थोडी मोठी झालीय. पण चांगली आहे. खरंच चांगली आहे."

तिने दुसऱ्या पेल्यात बोटभर ओतून गोरक्षरावांपुढे धरली. त्यांनी आईकडे पाहिलं. गोजराबाई म्हणाल्या, नातीनं केलीय, बघ की. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला. जीभ आंबट झाली, घसा थोडा तापला. वाईन म्हणून त्यांना त्यातलं काही कळलं नाही. पण मागाहून जी चव आली, ती ओढ्याकडच्या चार ओळींच्या द्राक्षांची होती. तिथली माती वेगळी. ते त्यांनी स्नेहलला सांगितलं. तिने तसंच फोनवर आरोहीला सांगितलं. आरोही म्हणाली, वायनरीत हे अजून एकालाही ओळखता आलं नव्हतं.

मे सरता सरता काटा तेरावर घट्ट बसला होता. एका सकाळी गोरक्षराव चहा घेत असताना तृप्तीचा फोन आला. नेहमीसारखीच नम्र होती, पण आवाजात गोंधळ होता.

"सर, तुमच्या कॉलनीतून आपल्या यंत्रासाठी पाच चौकशा आल्यात. पाचही ताईंकडे तळघर नाहीये. आत किती थंड होतं हे कुणी विचारतच नाही. सगळ्या विचारतात, मागून गरम हवा किती येते. मला काही समजत नाहीये. त्यांना कुठलं मॉडेल सांगू?"

गोरक्षरावांनी कप खाली ठेवला. यंत्राबद्दलचा एखादा प्रश्न त्यांना पूर्णपणे समजला, असं पहिल्यांदाच होत होतं.

"आधी विचारून घ्या, कुरडया का पापड," ते म्हणाले. "कुरडयांना मोठं लागेल."