चेअरमनला भरलेली हुडहुडी

निश्चय कसा असतो ते बघायचं असेल, तर कवठे येमाईला या आणि मला बघा! मी पोपटराव, गावच्या दूध संस्थेचा चेअरमन. एकदा मनात आणलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी मागे हटत नाही. आमची बायको मुक्ता याला आडमुठेपणा म्हणते. पण ती पडली टाकळीची, तिला कवठ्याचा निश्चय काय कळणार!

तर झालं असं, की संस्थेची निवडणूक तोंडावर आली आणि माझाच चुलतभाऊ हौसराव माझ्याविरुद्ध पॅनेल घेऊन उभा राहिला. उभा राहिला तर राहू दे, पण भर चौकात माणसं जमवून तो म्हणाला, "गावच्या दुधाला फॅट का लागत न्हाई, म्हाईत हाय का? समदी चेअरमनच्या पोटात गेलीया!"

माणसं खो खो हसली. मी रागाने खाली बघितलं. पोट खरंच पुराव्यासारखं पुढे आलं होतं!

आता तुम्हीच सांगा, हिशेब दाखवून ही बदनामी पुसली गेली असती का? हिशेब कोण वाचतो? पोट सगळ्यांना दिसतं! मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "मतदानाच्या आत हे पोट सपाट करून दाखवतो! न्हाई केलं तर चेअरमनकी तुझी!"

घरी येऊन मुक्ताला फर्मान सोडलं. भाकरी बंद, भात बंद, साखर बंद, तूप तर नावही काढायचं नाही. सकाळी काकडी, दुपारी वाटीभर मुगाचं पाणी, रात्री पुन्हा काकडी.

"अवो, ह्यो काय उपास म्हणायचा का शिक्षा?" मुक्ता म्हणाली.

"राजकारण हाय ह्ये! तुला न्हाई कळायचं."

पहिले काही दिवस नुसती धमाल! सकाळी डेअरीवर दूध घालायला गर्दी झाली की मी कॅनच्या काट्यावर उभा राहायचो. रोज आकडा खाली! माणसं माना डोलवायची. मी पोटावर थाप मारून विचारायचो, "कुठं गेली फॅट?" हौसराव गुपचूप किटली रिकामी करून निघून जायचा. मला तर वाटलं, आता निवडणूक म्हणजे नुसती हार घालायची औपचारिकता.

आणि मग काटा अडला. हलेचना! मी काट्याला लाथ घातली, मुगाचं पाणी निम्मं केलं, तरी आकडा तिथेच. वर एक नवीनच भानगड सुरू झाली. मला थंडी वाजायला लागली.

एप्रिल महिना! उन्हाने कुत्री गटारात लोळत होती आणि माझे हातपाय गार! प्रचाराला ज्याच्या घरी जायचो, तिथे पाय ठेवताच म्हणायचो, "आधी तेवढा फॅन बंद करा." माणसं घामाने निथळत माझं भाषण ऐकायची. शेवटी मी अंगात स्वेटर चढवला. मग कानटोपी. हौसरावला तर आयतंच सापडलं.

"बघा, बघा! चेअरमन हारायच्या भीतीनं लटलटा कापाय लागलाय!"

झालं! पोटाचा आरोप पुसायला गेलो तर भीतीचा चिकटला. मी भित्रा? मी? शाळेच्या मैदानात सभा घेतली, सगळ्यांदेखत स्वेटर काढून फेकला आणि माइक हातात घेतला. "बंधू आणि भगिनींनो" एवढंच म्हणालो आणि दात असे वाजायला लागले की पुढचं वाक्य कोणालाच कळलं नाही. मागून कोणी तरी ओरडलं, "चेअरमन दूध गार करायच्या बल्क कूलरातनं आलं जनू!"

दुसऱ्या दिवशी गुपचूप शिरूर गाठलं. डॉक्टर तहमीना मॅडमनी थर्मामीटर लावला, बघितला, झटकला, पुन्हा लावला. मनगट धरलं.

"काय खाता तुम्ही?"

मी अभिमानाने सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"अहो पोपटराव, तुम्ही एकदम अन्न तोडलंत, तर शरीराला वाटलं दुष्काळ पडला. मग त्यानं खर्च आवरायला घेतला. अंगातली ऊब कमी केली, नाडी हळू केली, आहे त्यात भागवायला लागलं. म्हणून थंडी वाजते, आणि म्हणूनच वजनही उतरेनासं झालंय. पोटभर जेवा. वजन उतरवायचंय ना? मग हळूहळू, खाऊनपिऊन उतरवा. भाकरी खा, डाळ खा, गावभर चाला."

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. माझी मात्र छाती फुगली! बघा, काय पण शरीर आहे! कोणी ठराव केला नाही, सूचना मांडली नाही, तरी आपणहून काटकसर! चेअरमनचं शरीर असावं तर असं. मी मॅडमना म्हणालो, "मतदान होऊ द्या, मग जेवतो."

"तोवर चक्कर येऊन पडाल!"

पण शब्द म्हणजे शब्द. घरी आलो आणि काकडी चावली. मुक्ता माझ्याशी बोलायची बंद झाली.

खरा घोटाळा झाला तो गोठ्यात. पहाटे धार काढायला गेलो, तर थंडीने बोटं वळेनात. शेजारी आमची म्हैस, चांगली गरम भट्टी! मी हळूच तिच्या गळ्यात हात टाकले आणि गाल टेकवला. काय सांगू, स्वर्ग! डोळ्यांतून पाणीच आलं. म्हैससुद्धा समजूतदार, हलली नाही. तेवढ्यात शेजारची चांगुणा मावशी विरजणाला दूध मागायला दारात आली. तिने मला बघितलं, पदर तोंडाला लावला आणि भांडं तिथेच टाकून निघून गेली. मला वाटलं, विसराळू आहे बिचारी.

दुपारपासून माझ्या घराकडे माणसांची रीघ लागली! कोणी शहाळं आणलं, कोणी मोसंबी. जी माणसं दहा वेळा हाक मारली तरी वळत नव्हती, ती माझ्या पायाशी बसून हळू आवाजात बोलायला लागली. मी कानटोपी सावरली. लाट म्हणतात ती हीच!

चांगुणा मावशी डोळे पुसत म्हणाली, "पोपटराव, तुमच्यासारखा मानूस व्हनार न्हाई बगा."

"ते तर हायेच," मी म्हणालो. खोटं कशाला बोला?

"शिरूरला जाऊन आलात म्हनं. डाक्टर काय म्हनाल्या?"

आता काकडीने थंडी भरली असं मतदाराला सांगायचं का? मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "ते सोडा मावशी. जे व्हायचं ते मतदान झाल्यावर बघू."

मागच्या रांगेतून हुंदका आला. संध्याकाळी खुद्द हौसराव आला. माझा हात हातात घेतला आणि दचकलाच, एवढा गार हात!

"दादा," तो म्हणाला, "लय बोललो तुमास्नी. माफ करा. मनात काय इच्छा ऱ्हायलीया का?"

"एकच!" मी ताठ बसलो. "चेअरमन म्हणून पुन्हा एकदा त्या खुर्चीत बसायचं!"

हौसराव लहान पोरासारखा रडला. मला वाटलं, माझ्या व्यक्तिमत्त्वापुढे अखेर वितळला. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या सगळ्या पॅनेलचे अर्ज मागे घेतले! संस्थेच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. मला खुर्चीत बसवलं, हौसरावला व्हाइस चेअरमन केलं. सत्काराला माणसं टाळ्या वाजवत होती आणि रडतही होती. मीही रडलो. एवढं प्रेम कोणाच्या वाट्याला येतं हो!

त्या रात्री मुक्ताने बाजरीची भाकरी, पिठलं आणि तुपाची वाटी पुढे ठेवली. मी असा जेवलो की ती वाढता वाढता हसायला लागली. मग रोजच पोटभर. हळूहळू हातपायांत ऊब आली, तोंडावर तकाकी आली, स्वेटर पेटीत गेला. मॅडमनी सांगितलं होतं तसं मी गावभर चालायला लागलो, आणि मजा म्हणजे आता काटाही पुन्हा खाली सरकायला लागला!

गावाला आनंद व्हायला हवा होता की नाही? पण मी समोरून आलो की माणसं वाट बदलायला लागली. हौसराव रोज सकाळी येऊन विचारायचा, "कसं वाटतंय दादा?" मी म्हणायचो, "एक नंबर!" आणि त्याचा चेहरा उतरायचा. एक दिवस त्याचा बांध फुटला.

"दादा, ह्यी शुद्ध फसवनूक हाय!"

"कसली रे?"

"मावशीनं तुमाला म्हशीचा निरोप घेताना बगितलं, म्हून आमी तुमच्या शेवटच्या इच्छेपायी अर्ज मागं घेतलं! मला वाटलं, दिवाळीपत्तूर खुर्ची मला मिळंल. आन् तुमी तर दिसामाशी टवटवीत व्हाय लागलासा!"

"अरे, मी मरणार असं कधी म्हणालो?"

"मरनार न्हाई असं तरी कवा म्हनालात?"

शहाळी, मोसंबी, हुंदके, चांगुणा मावशीचा पदर, सगळं एकेक करून डोळ्यांसमोर आलं. आतून मुक्ताचा हसण्याचा आवाज येत होता. तिला बहुतेक पहिल्यापासून माहीत होतं.

असो. संस्थेच्या ऑफिसात आजवरच्या चेअरमनांच्या नावांचा फलक आहे. त्यावर माझ्या नावापुढे 'बिनविरोध' असं ठळक रंगवलंय, अख्ख्या फलकावर एकट्या माझ्याच! कधी आलात तर जरूर बघा. का बिनविरोध, ते लिहायला फलकावर जागा नाही.